खालचे दोन कोपरे

डुलूथला एप्रिल लागला तरी
सुपीरियरच्या काठाशी बर्फाचे ठोकळे एकमेकांवर चढलेले,
आणि माझ्या दुकानाची घंटी दिवसातून चारदा वाजली तरी खूप.
त्या दिवशी वाजली. आर्वो राउतिओ आत आला,
बूट दोनदा आपटले,
कोटाच्या आतल्या खिशातून काढली तंबाखूची चपटी डबी.
डबीत रुमाल,
रुमालात हॉकीचं कार्ड.
मुखवटा न घातलेला गोलरक्षक, पुढचा दात पडलेला,
छापखान्यानं गालांवर जरा जास्तच लाली ओतलेली.

"ग्रेड करून घ्यायचंय," तो म्हणाला,
घोड्याला नाल ठोकून घ्यावी तसं.

मी भिंग काढलं, कार्ड दिव्याखाली तिरकं धरलं.
चित्र डावीकडे सरकलेलं, केसभर.
वरचे कोपरे सुईसारखे,
खालचे दोन उंदरानं पाव कुरतडावा तसे.
उजव्या कडेला खाच.
"ही?"
"सायकल. चाकाच्या तारांत अडकवायचो.
फटफटीचा आवाज यायचा."

मग मी त्याला सांगितलं, जे सगळ्यांना सांगते.
एक कंपनी आहे, तिचा शिक्का बसला
की बाजार डोळे मिटून पैसे मोजतो,
पण रांग आठ महिन्यांची
आणि फी अशी, की नाकापेक्षा मोती जड.
दुसरी तीन आठवड्यांत परत पाठवते,
गुण सढळ हातानं वाटते,
म्हणून तिच्या नवाला लोक सात म्हणतात.
तिसरी लहान. जुना पुठ्ठा ओळखणारी.
तिथं म्हणे एक बाई आहे, कार्डाचा वासही घेते.
खरं-खोटं मला माहीत नाही.

"आणि तपासणाऱ्यांना कोण तपासतं?"
मी काउंटर पुसलं.

कार्ड उलटं केलं.
आकडेवारीच्या तक्त्यावर आडवी, शिसपेन्सिलीनं, पोरवयातली अक्षरं:
हे वाइनोचं आहे. हात लावू नको.

"खोडू नका हं," मी सवयीनं म्हणाले,
"रबर फिरलं तरी दाबाची खूण राहते.
दिव्याखाली दिसते, मग लेबलावर लिहितात: छेडछाड केलेलं.
असंच ठेवलं तर दोन मिळेल. कदाचित दीड."

तो बराच वेळ गोलरक्षकाच्या दाताकडे बघत होता.
"वाइनो माझा भाऊ. थोरला.
सगळा उन्हाळा शोधत होता हे.
मीही शोधत होतो त्याच्याबरोबर.
पायरीखाली, कोळशाच्या खोलीत,
शेजारच्यांच्या कुत्र्याच्या घरात."

बाहेरून मिठाचा ट्रक गेला. काच थरथरली.

"थंडर बेला असतो आता, मुलीकडे.
पाठवणार आहे. उघडल्यावर विचारेल,
काय हालत करून ठेवलीस?
ते कुणा तिऱ्हाइतानं सांगितलेलं बरं.
सगळ्यात कडक कोण?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
लोक विचारतात, सगळ्यात दयाळू कोण.

मी तिसरीचा फॉर्म पुढे केला.
मालकाच्या रकान्यात त्यानं भावाचं नाव लिहिलं,
वाइनोच्या 'ओ'वरचे दोन ठिपके विसरला,
मग परत आला आणि चुकीच्या अक्षरावर दिले.
जाहीर किंमत, या रकान्यापाशी थांबला.
"आमच्या भाषेत आर्वो म्हणजेच किंमत," तो म्हणाला.
"वाणसामानाच्या दुकानात आईनं मला हाक मारली
की दुकानदार आकडा सांगायचा."
"रिकामं सोडता येत नाही."
"मग तुम्ही लिहा."
विम्याला लागतात म्हणून मी चाळीस डॉलर लिहिले.

तो गेल्यावर कार्ड पारदर्शक पाकिटात सरकवलं,
दोन्ही बाजूंनी पुठ्ठे लावले, निळी टेप गुंडाळली.
हातमोजे मी नेहमीच घालते.
तरी या वेळी चिमटा घेतला.

डबी काउंटरवरच राहिली होती.
उघडली. अजून तंबाखूचा वास.